सातशे, साडेसहाशे की सव्वीस?

पत्र: मी चिपळूणला राहते. वय ४३, उंची पाच फूट एक इंच. गुहागर रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवते. शाळा घरापासून १४ किलोमीटर, आठवड्यातून तीन-चार दिवस सायकलने जाते. सध्याची सायकल भावाची जुनी हायब्रिड आहे आणि ती मला मोठी पडते. बरेच पैसे साठवून स्टीलची, माझ्या मापाची फ्रेम बांधून घ्यायचं ठरवलंय. फ्रेम बांधणाऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चाक कोणतं?" आमच्या ग्रुपमधले म्हणतात, ७००च घ्या, नाहीतर मागे पडाल. मुलगा कुठेतरी वाचून ६५०बी म्हणतो. आमचे सायकलवाले काका म्हणतात, "मॅडम, २६ घ्या, टायर कुठेही मिळेल." मला ही सायकल शाळेसाठी, पावसाळ्यासाठी, किनाऱ्याकिनाऱ्याने एकदा गोव्यापर्यंत जाण्यासाठी आणि जमलं तर २०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पार करायच्या सायकलफेरीसाठी) हवी आहे. हा खर्च पुन्हा होणार नाही. काय करू?

उत्तर: ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची फ्रेम एका उत्तरासाठी अडलीय, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मग सांगते. ६५०बी घ्या. टायर ४८ मिलिमीटर रुंदीचा, ब्रेक डिस्कचे, आणि मडगार्ड पहिल्या दिवसापासून लावलेलं. काकांचं म्हणणं मात्र सोडून देऊ नका. फ्रेमची एक महत्त्वाची अट त्यातूनच निघते.

आता कारणं. तुमच्या उंचीची मी स्वतः आहे, त्यामुळे सुरुवात पायाच्या बोटांपासून करते. माझी पहिली चांगली सायकल ७००ची होती. दुकानातली सगळ्यात लहान फ्रेम, २८ मिलिमीटरचा टायर, मडगार्ड मी नंतर लावून घेतलं. सरळ रस्त्यावर छान पळायची. एकदा चढावर, अगदी चालण्याच्या वेगात, डावीकडच्या गल्लीत वळले. पायडल पुढे आलेलं होतं. बुटाचं टोक मडगार्डच्या मागच्या कडेला टेकलं, हँडल परत सरळ होईना आणि मी तशीच आडवी झाले. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. ज्या दुकानातून सायकल घेतली तिथे जाऊन सांगितलं तर उत्तर आलं, "लहान फ्रेमला असं होतंच, सवय करून घ्या." तेव्हा मला वाटलं, दोष माझ्या चालवण्यातच असणार. तसा तो नव्हता. फ्रेम लहान करत गेलं की पायडलचा मधला आस पुढच्या चाकाकडे सरकत जातो, चाक मात्र तेवढंच राहतं. म्हणून उंच माणसाला ही अडचण जन्मात कळत नाही आणि आपल्याला रोज छळते.

अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये खास बायकांसाठी सायकली बनवायची कंपनी काढली. त्यांच्या लहान सायकलींत मागे ७००चं आणि पुढे २४ इंची चाक असायचं. युक्ती अचूक होती, पण मग दोन मापांच्या ट्यूब सोबत न्याव्या लागतात. तुम्हाला तेवढं लांब जायची गरज नाही, कारण फ्रेम तुमच्यासाठीच बांधली जातेय.

आता मुलाला शेजारी बसवा. थोडं गणित आहे आणि सगळा निर्णय त्यात आहे. ७००, ६५०, २६ हे आकडे आज चाकाची उंची सांगत नाहीत. जुन्या फ्रेंच पद्धतीत ७०० म्हणजे टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि ए, बी, सी ही अक्षरं टायरच्या रुंदीची होती. टायरची रुंदी बदलत गेली, नावं तशीच चिकटून राहिली. खरा आकडा एकच: रिमवर टायरची कड बसते तिथला व्यास. ७००सी म्हणजे ६२२ मिलिमीटर, ६५०बी म्हणजे ५८४, आणि डोंगरी सायकलचं २६ म्हणजे ५५९. यात टायरची रुंदी दोनदा मिळवली, एकदा वर आणि एकदा खाली, की चाकाचा बाहेरचा व्यास साधारण निघतो.

६५०बी ला ४८चा टायर लावा: ५८४ अधिक ९६, म्हणजे ६८०. ७००ला २८चा लावा: ६२२ अधिक ५६, म्हणजे ६७८. दोन मिलिमीटरचा फरक! चाकाचा एक फेरा पहिल्यात २१३६ मिलिमीटर, दुसऱ्यात २१३०. म्हणजे तुमच्या १४ किलोमीटरच्या वाटेवर दोन चाकांच्या फेऱ्यांत वीसेकांचाही फरक पडत नाही. रस्त्याला दोन्ही चाकं सारख्याच उंचीची. "लहान चाकाने मागे पडाल" या म्हणण्यात म्हणूनच तथ्य नाही. तुमच्या ग्रुपमधले ज्या चाकावर बसतात तेवढंच मोठं चाक तुमचं असेल, फक्त त्यात हवा जास्त आणि रिम लहान.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी टायर ठरवा, मग चाक. तुमच्या रस्त्याला केवढा टायर हवा? माझ्या मते ४८. चिपळूण-गुहागर पट्ट्यातला पावसाळ्यानंतरचा रस्ता तुम्हाला मी काय सांगू? खडी उघडी पडलेली, डांबराचे तुकडे, कडेला जांभ्याचा चिखल. किनाऱ्याने गेलात की जेट्टीकडे उतरणारे अरुंद उतार, त्यांवर वाळू, आणि मध्येच गावातला जांभ्याच्या चिऱ्यांचा तुकडा. या रस्त्यांवर २८च्या टायरमध्ये नव्वदएक पीएसआय हवा भरून जाणं म्हणजे प्रत्येक दगड मनगटात झेलणं. ४८च्या टायरमध्ये, तुमच्या वजनाला आणि थोड्या सामानाला, ३५च्या आसपास पुरते. अंगठ्याने दाबलं तर टायर किंचित आत जातो, तो तसाच हवा. खडखडीत टायर वेगवान वाटतो, पण रस्ता खराब असला की तो सायकलला वर उडवतो आणि तुमच्या पायांची मेहनत त्या उडण्यात जाते.

फ्रान्समध्ये व्हेलोसिओ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही शंभर वर्षांपूर्वी रुंद टायर आणि गिअर या दोन्हींसाठी भांडत होते. त्यांच्या मागून आलेल्या फ्रेंच लांबपल्ल्याच्या सायकलस्वारांनी ६५०बीच पसंत केलं, कारण रस्ते आपल्यासारखेच होते.

आता ४८चा टायर ठरला म्हणजे ७०० आणि ६५०बी यांची खरी तुलना करता येते. ७००ला ४८ लावला तर बाहेरचा व्यास ७१८ होतो. ६८० विरुद्ध ७१८. त्रिज्येत १९ मिलिमीटरचा फरक. एवढे १९ मिलिमीटर तुमच्या बुटाच्या आणि मडगार्डच्या मध्ये परत मिळतात. सीट आणि मागचं चाक यांमध्येही तेवढेच मिळतात. तुमच्या उंचीला सीट खाली असते, त्यामुळे सीटमागे पिशवी लटकवायची तर तिथली जागा मोलाची आहे.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या त्या जुन्या फ्रेमला ६५०बी आणि ४८चा टायर लावला असता तरी बूट अडकलाच असता, कारण बाहेरचा व्यास तेवढाच होता. नुसतं ६५०बी लिहून दिलं की अडचण मिटली, असं नाही. रुंद टायर घेऊनही चाक पूर्वीएवढंच राहतं, हे ६५०बीचं काम. उरलेली जागा फ्रेमनेच द्यायची आहे. त्यासाठी फ्रेम बांधणाऱ्यांना सांगा की पायडलच्या आसापासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर वाढवा आणि त्याची भरपाई आखूड स्टेमने, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या आखूड दांडीने करा. हेड ट्यूबचा, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं त्या पुढच्या नळीचा कोन ७१ अंशांच्या जवळ आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा ऑफसेट (चाकाचा आस त्या नळीच्या रेषेच्या जेवढा पुढे असतो तो) ५५ मिलिमीटरच्या आसपास ठेवला तर ४८च्या टायरसोबत ट्रेल ५९ मिलिमीटर येतो. ट्रेल म्हणजे चाक जमिनीला टेकतं ती जागा त्या रेषेच्या जेवढी मागे राहते ते अंतर. हँडल धड जड नाही, धड उडतं नाही. तोच कोन, तोच ऑफसेट ठेवून ७००ला ४८ लावला तर ट्रेल ६५च्या पुढे जातो आणि हळू वेगात, सामान लादून, हँडल बाजूला पडायला लागतं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा घेऊ नका, १६५ किंवा मिळाला तर १६०चा घ्या. प्रत्येक पाच मिलिमीटर आपल्या कामाचे.

पायडलच्या आसाची जमिनीपासूनची उंचीही आत्ताच ठरवा, कारण वेल्डिंग झाल्यावर ती बदलत नाही. पुष्कळ जण ७००च्या सवयीने तो आस चाकांच्या आसापेक्षा ७० ते ७५ मिलिमीटर खाली ठेवतात. तुमच्या चाकाची त्रिज्या ३४०. त्यातून ७५ गेले तर उरतात २६५, आणि त्या उंचीवर, खड्ड्यातून वळताना पायडल दगडाला घासतं. ६५ खाली ठेवायला सांगा, म्हणजे जमिनीपासून २७५ मिळतात. सीटवरून पाय टेकायला दहा मिलिमीटर जास्त ताणावं लागेल, ते चालेल.

आता काका. ते खोटं बोलत नाहीत. २६ × १.९५चा टायर आजही तालुक्याच्या कुठल्याही दुकानात टांगलेला दिसतो आणि सामान लादून लांब जाणारे कितीतरी लोक याच कारणासाठी वर्षानुवर्षं २६वर फिरले. चाक लहान म्हणून मजबूतही असतं. तरीही नव्या फ्रेमसाठी मी २६ सांगत नाही. चांगल्या रिम, डिस्कचे हब, गुळगुळीत आणि लवचीक टायर हा सगळा नवा माल गेल्या दहा-बारा वर्षांत २६कडून सरकून २७.५ आणि २९कडे गेलाय. २०१२च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला स्विस खेळाडू निनो शुर्टर यांनी २७.५ इंची चाकांवर डोंगरी सायकलची विश्वचषक शर्यत जिंकली. त्यानंतर कंपन्यांनी भराभर तिकडे मोर्चा वळवला. तुमची फ्रेम वीस वर्षं टिकणार आहे. रिम मात्र मध्ये केव्हातरी बदलावी लागेल, तेव्हा ती मिळायला हवी.

आणि या २७.५मध्येच तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगाची गोष्ट दडलीय. २७.५ आणि ६५०बी हे एकच माप आहे, दोन्ही ५८४. ६५०बी ऐकलं की काका मान हलवतील, "आपल्याकडे नाही." त्यांना २७.५चा टायर मागा, भिंतीवरून काढून देतील. बाजारात डोंगरी सायकली २७.५ आणि २९च्या बऱ्याच विकल्या जातात, त्यांचे टायर-ट्यूब दुकानदाराला ठेवावेच लागतात.

मात्र तो टायर असेल २७.५ × २.१, मोठ्या गुठळ्यांचा, सुमारे ५४ मिलिमीटर रुंद. वर म्हटलेली अट ती हीच. फ्रेम बांधणाऱ्यांना शब्दांत लिहून द्या: "मडगार्डसह ४८चा टायर बसला पाहिजे, आणि मडगार्ड काढल्यावर ५४चा गुठळ्यांचा टायर चेनस्टे आणि चिमटा दोन्हींत मोकळा फिरला पाहिजे." चेनस्टे म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या खालच्या नळ्या. ही ओळ लिहून दिली नाही तर ते ४८च्या हिशेबाने सुबक, घट्ट फ्रेम बांधतील आणि धोपाव्याच्या जेट्टीवर टायर फाटला की दुकानातला टायर हातात असूनही बसणार नाही. चेनस्टे रुंद केल्यावर पुढच्या मोठ्या चक्राला जागा कमी पडते, असं ते सांगतील. पडू दे. तुम्हाला मोठं चक्र लागतच नाही. कोकणातले चढ लांब नसतात, पण भिंतीसारखे उभे असतात. पुढे २८ दाते आणि मागे ३६ असे मिळवता आले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.६६ मीटर सरकते, आणि सामान घेऊनही बसून चढता येतं.

टायर घेताना दुकानदाराचा शब्द घेऊ नका, स्वतः आकडा वाचा. टायरच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं त्याच्या जवळच बारीक, उठावातले आकडे असतात, "५४-५८४" असे. धूळ बसलेली असली तर ओल्या फडक्याने पुसा, तिरका उजेड पाडा, दिसतात. पहिला आकडा रुंदी, दुसरा कडेचा व्यास. दुसरा ५८४ असेल तरच घ्यायचा. हे मी एवढं ठासून सांगते, कारण दापोलीकडे आमच्या गटातल्या एकीचा २६चा टायर फाटला तेव्हा दुकानातून "सव्वीसच आहे" म्हणून २६ × १⅜ आणला गेला. अर्धा तास तिघींनी धडपड केली. तो टायर रिमवर नुसता गरगर फिरत होता, कारण त्या सव्वीसची कड ५९० आणि आमच्या सव्वीसची ५५९. नाव एक, माप वेगळं. अठ्ठाविसाचंही तसंच. आपल्या जुन्या काळ्या, रॉड ब्रेकच्या सायकलीचं २८ × १½ म्हणजे ६३५, आणि ७००च्या टायरवरही कुठेकुठे २८ छापलेलं असतं, ते ६२२.

रिम घेताना वॉल्वचं भोक मोटारसायकलच्या वॉल्वचं, म्हणजे जाड, घ्या. त्या भोकात बारीक वॉल्वची ट्यूब छोटी कडी घालून चालते, पण बारीक भोकात जाड वॉल्व जात नाही. पंपावर हवाही भरता येते. ट्यूब २७.५ची एक सोबत ठेवा. अगदीच अडलं तर २६ची ट्यूब ताणून घरापर्यंत येते, २९ची घालू नका, आत घडी पडते आणि तिथेच फुटते.

मुलगा कदाचित म्हणेल, डिस्क ब्रेक आहेत तर ७०० आणि ६५०बी दोन्ही चाकं आलटून पालटून लावता येतील अशी फ्रेम बांधू. डिस्क हबवर असते, रिमशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे ब्रेकची अडचण येत नाही हे त्याचं बरोबर आहे. पाच फूट आठ इंचाच्या माणसाला मी हो म्हटलं असतं. तुम्हाला नको. ७००ला ३८ बसवायचं ठरवलं की त्रिज्या ३४९ होते. मग तुमचं बोटांचं अंतर त्या मोठ्या चाकावरून मोजावं लागतं, पायडलच्या आसाची उंची दोन्हींच्या मध्ये कुठेतरी धरावी लागते, आणि फ्रेम कुठल्याच चाकाला पुरती जुळत नाही. मापाची फ्रेम बांधून घेण्याचं कारणच हे होतं की आपल्याला नेहमी दुसऱ्याच्या मापात बसावं लागतं.

बीआरएमची काळजी करू नका. २०० किलोमीटरना साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्याही आत. रुंद टायरचं वजन २८च्या टायरपेक्षा चाकामागे पाव किलो-तीनशे ग्रॅम जास्त असेल आणि चढावर ते जाणवेल, हे नाकारत नाही. पण सातव्या-आठव्या तासाला खांदे आणि तळहात ठणकत नसतील तर ते वजन कधीच वसूल झालेलं असतं. टायरवर मात्र पैसे वाचवू नका. जाड रबराचा, ताठ बाजूंचा टायर रुंद असला तरी जड चालतो. हातात घेतल्यावर बाजू सहज दुमडणारा टायर शोधा. असा ४८चा टायर चिपळूणला मिळणार नाही, पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावा लागेल, म्हणून सुरुवातीलाच तीन घ्या. तिसरा घडी करून घरात ठेवा.

फ्रेमचा नकाशा हाती आला की तो पास करण्याआधी एक काम करा. भावाच्या सायकलवर बसा, कोणाला तरी मागून धरायला सांगा. दोन्ही पायडल जमिनीला समांतर आणा, पायाचा चवडा नेहमीसारखा पायडलवर ठेवा आणि हँडल हळूहळू वळवा. बुटाचं टोक टायरच्या सगळ्यात जवळ येतं तिथे थांबा. मुलाला पट्टीने अंतर मोजायला सांगा, आणि जिथे बूट टेकतो तिथे किती टेकतो तेही. पायडलच्या आसापासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचं त्या सायकलचं अंतर मोजून सोबत लिहा आणि चाकावरचा आकडाही लिहा. हे सगळं फ्रेम बांधणाऱ्यांना पाठवा आणि सांगा, नव्या सायकलवर मडगार्डपासून निदान पंधरा मिलिमीटर मोकळे हवेत. हे मोजमाप दोनदा घ्या, एकदा बूट घालून आणि एकदा पावसाळ्यात शाळेला जाताना घालता त्या सँडलवर. सँडलचा तळ बुटापेक्षा लांबही असू शकतो, आणि तुमच्याकडे जून ते सप्टेंबर पायात तीच असणार.